बाळंतिणीच्या खोलीतला ब्लोअर

बाळंतिणीच्या खोलीत महिनाभर परक्या पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुणी केला ते मू चीयिंगला माहीत नव्हतं. पण उन्हाळ्यातली तिची निम्मी कामं त्याच नियमावर चालायची, म्हणून तिने त्याला कधी नावं ठेवली नाहीत. चीनमधल्या चोंगछिंग शहराच्या त्या चढउताराच्या भागात एसी दुरुस्त करणारे पुरुष पैशाला पासरी होते. बाई एकच. घरात ओली बाळंतीण असली आणि एसी रुसला, की सासवा पुरुष मिस्त्रीला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवायच्या आणि फोन लावायच्या मू शिफूंना. शिफू म्हणजे उस्ताद. हा मान काही तिला कुणी ओवाळून दिला नव्हता. ती कामाला होती ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा चीयिंग चोवीस वर्षांची होती. भावाबरोबर एसीत भरायच्या गॅसच्या टाक्या खांद्यावर घेऊन ती जिने चढायला लागली. पहिली पाच वर्षं दार उघडणारा प्रत्येक जण तिच्या मागे डोकावून विचारायचा, "बाई, मिस्त्री कुठाय?" आणि ती म्हणायची, "हाच मिस्त्री. बाजूला व्हा."

आता ती अठ्ठेचाळीसची होती. गुडघे कुरकुरत होते, पण कान शाबूत होते, आणि तिचं खरं हत्यार कानच. काम झालं की ती लगेच निघायची नाही. खाली-वर कुठल्यातरी पायरीवर बूड टेकायची, बाटलीतला कोमट चहा प्यायची आणि पंधरा मिनिटं मशीनचा आवाज ऐकत बसायची. मशीनंही माणसांसारखीच, असं ती म्हणायची. पाहुणा बसलाय तोवर शहाण्यासारखी वागतात, पाहुण्याची पाठ वळली की खरे रंग दाखवतात.

पण त्या ऑगस्टमध्ये ही सवय मोडली. सलग अकरा दिवस पारा चाळिसाच्या वर होता. म्हातारीकोतारी माणसं माजाँगच्या खेळाची टेबलं उचलून युद्धाच्या वेळच्या जुन्या बोगद्यांत जाऊन बसली होती. चीयिंगच्या फोनवर रोज तीस-पस्तीस तक्रारी यायच्या. पायरीवर बसायला वेळ होता कुणाला?

सोमवारी सकाळी चोंगवेनचा फोन आला. हा पोरगा शेजारच्या प्रांतात डोंगर फोडण्याच्या कामावर होता.

"मू शिफू, घरी बायको बाळंत झालीय. आज बारावा दिवस. तिच्या खोलीतल्या एसीचा ब्लोअर दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो. परत लागतो, परत बंद. आई म्हणते मशीनच खराब. पण ती पुरुषाला आत सोडत नाही. तुम्ही जा ना. ती भट्टीत पडलीय हो!"

"भट्टीत सगळं गावच पडलंय," चीयिंग म्हणाली. "जाते."

आठवा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं ते चोंगवेनच्या आईने, क्वांग मावशीने. बाई ठेंगणी, लहान चणीची, डोळे लुकलुकते आणि जीभ तिखटाच्या भुकटीत घोळवल्यासारखी. चीयिंगला बघताच म्हणाली, "अगं बया! ही एवढीशी काटकी मशीन उचलणार? तुझ्या सासूने तुला खायला घातलं नाही का गं?"

"सासू होती कुठे, मावशी. नवरा बिनसासूचा बघूनच पसंत केला."

मावशी खळखळून हसली आणि तिथेच दोघींचं जमलं. आत जाण्याआधी मावशीने तिला आंबवलेल्या गोड भातात उकळलेली दोन अंडी जबरदस्तीने खायला लावली. बाळंतिणीसाठी केली होती म्हणे, तिने न खाता तशीच ठेवली.

खोलीची खिडकी बंद होती, फटींवर चिकटपट्टी, वर जाड पडदा. पलंगावर सून होती, यालिंग. सव्वीस-सत्तावीसची असेल. डोक्याला कानटोपी, पायांत लोकरी मोजे, छातीपर्यंत गोधडी. शेजारी मुठीएवढं बाळ मात्र नुसत्या झबल्यात होतं. चीयिंगला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, पाण्यात हात घालू द्यायचे नाहीत, केस धुवायचे नाहीत. तिच्या आईनेही तिला महिनाभर असंच गुंडाळून ठेवलं होतं. फक्त ते फेब्रुवारीत.

भिंतीवरचा एसी चालू होता आणि गारेगार हवा फेकत होता. चीयिंगने जाळी काढून बघितली, ती स्वच्छ. करंट मोजला, बरोबर. पाऊण तास ती थांबली. ब्लोअर एकदाही थांबला नाही. खोली सदतीसवरून तिसावर आली, यालिंगच्या गालांवर जरा तरतरी आली आणि तिने पाणी मागितलं. मावशीने तिला गरम पाणी दिलं.

"वायर सैल असेल. घट्ट केलीय," चीयिंग म्हणाली. खरं तर वायर सैल नव्हती. पण खिशात फोन वाजत होता आणि काहीतरी सांगणं भाग होतं.

मंगळवारी रात्री चोंगवेनचा पुन्हा फोन. बंदच पडतोय. बुधवारी ती नवी मोटर घेऊनच गेली. ब्लोअरची मोटर तापली की आपोआप बंद होते आणि गार झाली की पुन्हा लागते. लक्षणं तर तशीच होती. तिने भिंतीवरचं मशीन उघडलं, मोटर बदलली, चालवून बघितलं. ब्लोअर लोण्यासारखा फिरत होता. पलंगावरून यालिंग तिच्याकडे बघत होती. डोळे लाल, ओठ सुकलेले.

"शिफू," ती हळूच म्हणाली, "थांबा ना थोडा वेळ. तुम्ही असलात की चालतो."

"त्यांना काय दुसरी कामं नाहीत?" क्वांग मावशी दारातूनच म्हणाली. "तू डोळे मीट बघू. बाळंतिणीने फार बोलू नये, डोळ्यांना जड जातं."

यालिंगने डोळे मिटले. चीयिंग अवजारं गोळा करून निघाली. दुकानात परतल्यावर तिला स्वतःचाच राग आला, कारण काढलेली मोटर तिने तिथे तपासली तेव्हा ती ठणठणीत निघाली. चांगली मोटर काढून नवी बसवायची, हे काम नवशिक्याचं. मिस्त्री कुठाय, या ज्या टोमण्याला ती वर्षानुवर्षं उत्तर देत आली होती, तो आता तिने स्वतःच स्वतःला मारून घेतला.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता चोंगवेन फोनवर ओरडतच होता. "शिफू, मोटर बदललीत ना? मग? काल रात्री फोनवर ती धड बोललीसुद्धा नाही! मी विचारतो एक, ती सांगते भलतंच. आई म्हणते अंगात वारा शिरलाय, ताप आहे, घाम काढला की उतरेल. मला इथून निघायला उद्या सकाळ होईल. काहीतरी करा हो, पाया पडतो!"

चीयिंगने हातातलं काम टाकलं. दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवर पाणी शिंपडलं होतं, ती आतून बाहेर येईपर्यंत ते वाळलंसुद्धा. आठ मजले चढून वर गेली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

या वेळी दार उघडायला मावशीला वेळ लागला. आतून काहीतरी ओढल्याचा, फाडल्याचा आवाज आला. मग दार उघडलं, मावशी धापा टाकत होती.

"आलीस? अगं आत्ताच सुरू झालं बघ आपलं आपण. तुझा पायरव ऐकून घाबरलं असेल मेलं."

मावशी हसली, पण आज त्या हसण्यात जीव नव्हता. चीयिंग सरळ खोलीत गेली. ब्लोअर चालू होता. खोलीत मात्र छत्तीस. स्टुलावर चढून तिने मशीनवर हात ठेवला आणि तो ओला झाला. सगळं कवच बाहेरून दवाने डबडबलं होतं. खालच्या कडेला बोटाला काहीतरी चिकटलं.

"हे पाणी कसलं, मावशी?"

"पुसलं मी. धूळ होती."

चीयिंगने सेन्सर तपासला. नवा बोर्ड लावून बघितला, जुना लावून बघितला. दोन्ही चांगले. दहा मिनिटं झाली, ब्लोअर चालूच. यालिंग आज गळ्यापर्यंत गोधडीत होती, वर आणखी एक पांघरूण. चेहरा लालबुंद. चीयिंगने जाता जाता तिचा हात धरला. "काय गं, बरं वाटत नाही?" हात गरम आणि खडखडीत कोरडा होता. यालिंगने तिच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि पुटपुटली, "हो, येते."

"झोपेत आहे," मावशी म्हणाली. "रात्रभर बाळाने जागवलं. आता चालतंय ना मशीन? मग झोपू दे तिला. तू पण जा, उन्हाने काळवंडलीस."

दार लागलं. चीयिंग दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. खिशात फोन वाजत होता. तिने तो बंद केला आणि सातव्या-आठव्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिन्याच्या खिडकीशी, बसली. त्या घराचं बाहेरचं मशीन बरोबर तिथेच भिंतीला टांगलेलं होतं. ते घरघरत होतं. तिने घड्याळ बघितलं. दोन वाजून चार मिनिटं.

पाचव्या मिनिटाला वर पुन्हा तो आवाज आला, चिकटपट्टी ओढल्याचा, चर्र. मग खुर्ची सरकवल्याचा. बाहेरचं मशीन घरघरतच होतं. नऊ मिनिटं. दहा. दोन वाजून पंधराला ते मशीन धडधडून थांबलं. वर बाळ रडायला लागलं.

छत्तिसाची खोली अकरा मिनिटांत मशीनला लावून दिलेल्या सव्विसावर येत नाही. जगातलं कुठलंच मशीन आणू शकत नाही. पण मशीनला तर वाटलं, झालं काम, खोली गार झाली. म्हणजे मशीन ज्या हवेत श्वास घेत होतं ती हवा खोलीची नव्हतीच! ती त्याचीच होती. त्याने सोडलेली गार हवा कुणीतरी त्याच्याच तोंडात परत कोंबत होतं. म्हणून ते बाहेरून ओलंचिंब झालं होतं. आणि यालिंग? लोकरीचे मोजे, दोन पांघरुणं, छत्तीस डिग्री, आणि तिच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

चीयिंग ताडकन उठली. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर तिच्यासोबत काम करणारा फू असाच दुपारी अचानक कोरडा पडला होता. हसत म्हणाला होता, आता बरं वाटतंय, घाम थांबला. तासाभरात गेला. घाम थांबणं म्हणजे निवणं नव्हे, हे डॉक्टरने नंतर सांगितलं. नंतर सांगून काय उपयोग!

ती धावत वर गेली आणि दारावर दोन्ही मुठींनी बडवायला लागली.

"कोण आहे?"

"मी! पक्कड राहिली आत."

"मी शोधून देते."

"तुम्हाला नाही सापडायची. दार उघडा, मावशी."

"बाळंतीण झोपलीय. उद्या ये."

"मावशी, दार उघडा, नाहीतर बिजागऱ्या काढते! अवजारं आहेत माझ्याकडे!"

कडी निघाली. फटीतून मावशीचा चेहरा दिसला, आणि चीयिंगने खांदा लावून दार ढकललं.

खोलीत एसीच्या जागी भिंतीवर एक गाठोडं होतं. लाल फुलांची गोधडीची खोळ मशीनला वरून खाली घातलेली, खाली पुठ्ठा, चारी बाजूंनी चिकटपट्टी. नवरीला बुरखा घालावा तसं एकदम बंदोबस्तात. चीयिंगने खोळीत हात घातला. आत फ्रीज होता. तिने ती खोळ दोन्ही हातांनी धरून ओढली, पुठ्ठ्यासकट फाडून खाली टाकली आणि ब्लोअर पूर्ण वेगावर लावला. मग गोधडी ओढली, पांघरूण ओढलं, मोजे काढून फेकले.

"काय करतेस! अगं बाई, काय करतेस! वारा लागेल तिला!" मावशी किंचाळली.

"यालिंग! यालिंग, माझ्याकडे बघ. मी कोण?"

यालिंगने डोळे उघडले. बुबुळं कुठेच टिकत नव्हती. "बस आली का?" तिने विचारलं. "मी पिशवी विसरले."

चीयिंगने एकशे वीसला, रुग्णवाहिकेच्या नंबरला, फोन लावला. पत्ता सांगितला, आठवा मजला सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, गाडी निघतेय, वीस मिनिटं लागतील, तोवर गार पाण्याने अंग भिजवा, मान, काखा, जांघा, थांबू नका. चीयिंग न्हाणीघराकडे वळली, तर मावशी दारात दोन्ही हात पसरून उभी.

"पाणी नाही लावायचं."

"मावशी, सरका."

"नाही लावायचं म्हणते ना! गार पाणी हाडात शिरलं की जन्मभर निघत नाही. तू एसीचं बघ. माझ्या घरातली बाळंतीण आहे, तिचं मी बघेन. उद्या तिची हाडं दुखायला लागली तर तू येणार आहेस चोळायला?"

"उद्या ती असायला तर हवी!"

"मोठी आली शिकवणारी!" मावशीचा आवाज चिरकला. तिने दोन्ही हात चीयिंगच्या तोंडासमोर धरले. बोटांची पेरं सुजलेली, वाकडी, एकमेकांवर चढलेली. "हे बघ! बघ डोळे उघडून! चोंगवेन झाला तेव्हा डिसेंबर होता. चौथ्या दिवशी सासूने मला नदीवर पाठवलं, लंगोट धुवायला. कुणी म्हटलं नाही, वारा लागेल. कुणी कानाला फडकं बांधलं नाही. तेहेतीस वर्षं मी एक रात्र सरळ झोपलेली नाही गं! मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू देणार नाही. पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला, आई, मशीनला कपडे घालू नकोस. मी हो म्हटलं. त्याला काय कळतं? म्हणून मग कुणी आलं की मी काढून ठेवायचे. कुणी गेलं की घालायचे. माझं काय चुकलं?"

चीयिंगला क्षणभर तिची दया आली. बाई दुष्ट असती तर सोपं होतं. ढकलून दिली असती. ही तर जीव लावून जीव घेत होती. पण दया करायला वेळ नव्हता. तिने मावशीचं मनगट पकडलं, तिला फरफटत पलंगापाशी आणलं आणि तो वाकडा पंजा यालिंगच्या मानेवर दाबला.

"लावा हात. लावा म्हणते ना! हा वारा शिरलेला ताप आहे? हा तवा आहे तवा! घाम कुठाय? शोधा. एक थेंब शोधा, मी इथून निघून जाते."

मावशीचा हात मानेवरून गळ्यावर गेला, गळ्यावरून काखेत. पाठीखाली गेला. तिने तो बाहेर काढून बघितला. कोरडा. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली आणि पुन्हा शोधायला लागली, एखादी हरवलेली वस्तू शोधावी तशी.

तेवढ्यात यालिंगचं अंग ताठरलं. जबडा आवळला गेला, डोळे वर गेले, हात-पाय झटके द्यायला लागले. पलंग भिंतीवर आपटत होता.

"यालिंग! बाळा! यालिंग!" मावशीने हाक मारली. चीयिंगने पोरीला कुशीवर वळवून धरलं, बाळाला उशीसकट बाजूला सरकवलं. "यालिंग गं!" झटके थांबले, पण उत्तर आलं नाही. श्वास तेवढा घर्रघर्र येत होता.

चीयिंगने मान वर केली तेव्हा मावशी खोलीत नव्हती. न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता. मावशी भरलेली परात पोटाशी धरून आली, निम्मं पाणी वाटेत सांडत. तिने परात पलंगावर ठेवली, चादर त्यात बुडवली आणि तीच चादर सुनेच्या छातीवर, मानेवर, पायांवर टाकली. मग कानटोपी काढली आणि वाकड्या बोटांनी पाणी तिच्या केसांत चोळायला लागली. केस, जे महिनाभर धुवायचे नव्हते.

"बर्फ," चीयिंग म्हणाली. "फ्रीजमध्ये काय आहे?"

"डुकराचे पाय आहेत गोठवलेले. सुपाचे."

"आणा!"

ते पाय पिशवीसकट दोन्ही काखांत ठेवले. एक बाई पाणी ओतत होती, दुसरी चादर पिळत होती, पलंगाखाली तळं साचलं होतं आणि बाळ जीव खाऊन रडत होतं. मावशीच्या तोंडाची टकळी चालूच होती. "ऊठ गं बाई. तुला आवडतं ते लाल तिखटाचं करून देते, सगळं देते, महिना गेला खड्ड्यात. ऊठ." चीयिंग दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. असली वीस मिनिटं तिने उभ्या जन्मात मोजली नव्हती.

बावीस मिनिटांनी गाडीची माणसं आली. दोघं पुरुष होते. ते बाळंतिणीच्या खोलीत बुटांसकट शिरले आणि मावशीने त्यांना वाट करून दिली. थर्मामीटरवर एक्केचाळीस पूर्णांक दोन आलं. "पाणी टाकत राहिलात ते बरं केलंत," एक जण म्हणाला. आठ मजले त्यांनी तिला झोळीतून उतरवली. मागून मावशी, तिच्यामागे बाळाला छातीशी धरून चीयिंग. अवजारांची पिशवी वरच राहिली, ते तिला गाडीत बसल्यावर कळलं.

इस्पितळात काचेच्या दाराआड त्यांनी यालिंगला नेलं. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. बाळाला एका नर्सने बाटलीने दूध पाजलं. तासाने तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "उष्माघात. या उन्हाळ्यातली माझी तिसरी बाळंतीण आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण ती इतकी दमली होती की तो कुणावर काढायचा हेही तिला सुचत नसावं. "ताप एकोणचाळीसवर आलाय. शुद्ध आलेली नाही. मेंदूवर किती परिणाम झालाय ते शुद्धीवर आल्यावरच कळेल. येईल का, तेही आत्ता सांगत नाही."

पाच वाजता चोंगवेनचा फोन आला. चीयिंगने घेतला. तिला कळेना, सगळं आत्ताच सांगावं की नको. "शिफू, मशीन होतं ना खराब? मशीनच ना?" तो परत परत विचारत होता. मशीनच खराब होतं, असं म्हणून टाकलं असतं तर खपलं असतं. चीयिंग अडखळली. मावशीने हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"चोंगवेन, मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "मीच केलं. तू नको म्हणालास तरी केलं. मी तिला कोंडून भाजली. तू ये. आल्यावर काय बोलायचं ते बोल, मारायचं तर मार. पण आधी ये."

पलीकडून फक्त रडणं आलं. मावशीने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि ते शेवटपर्यंत ऐकलं.

सात वाजता नर्सने त्यांना आत बोलावलं. यालिंग पातळ हिरव्या कपड्यात, पांघरुणाशिवाय पडली होती. काखांत बर्फाच्या पिशव्या, डोक्यापाशी पंखा, केस ओलेच. मावशीने कानावर हात ठेवला, जणू तो वारा तिलाच लागत होता, पण पंखा तसाच राहू दिला. सुनेच्या पायाशी उभी राहिली. चीयिंग बाळाला घेऊन भिंतीशी. इथे तिचं काय काम होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोनदा ती या पोरीला त्या खोलीत सोडून जिने उतरली होती. आणि दुसऱ्यांदा तर पोरगी "थांबा ना" म्हणाली होती. आता पाय निघत नव्हता.

यालिंगच्या पापण्या हलल्या. उघडल्या. नजर छताकडे गेली, पंख्याकडे गेली, चीयिंगच्या हातातल्या बाळावर बराच वेळ थांबली आणि मग सासूच्या तोंडावर येऊन टिकली.

"आई," ती म्हणाली.

मावशीने पलंगाचा दांडा पकडला. "ओ. ओ, बाळा. ओळखलंस मला?"

"आई... थंडी वाजतेय."

मावशीचा हात आपोआप पायथ्याशी घडी करून ठेवलेल्या चादरीवर गेला. तिने चादर उचलली, उलगडली आणि मध्येच थांबली. सोळा दिवस कुणाच्या बापाचं न ऐकलेली ती बाई चीयिंगकडे वळली.

"शिफू," तिने विचारलं, "हिला पांघरूण घालू का गं मी?"

"थांबा, डॉक्टरांना विचारून येते," चीयिंग म्हणाली, आणि बाळाला खांद्यावर सावरत बाहेर धावली.